वन-एक्स दिसला म्हणून बॅलन्सिंग? व्हायब्रेशन प्रशिक्षणाबद्दल वाचकांचे प्रश्न

यंत्रांच्या कंपनांवरून दुखणं ओळखायचं प्रशिक्षण कुठलं घ्यावं, घेतल्यावर त्याचं काय करावं, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत. सर्टिफिकेटची विचारणा सगळ्यांत जास्त. तिथूनच सुरुवात करू.

साखर कारखान्यात मेकॅनिकल मेंटेनन्सला आहे, डिप्लोमा झालाय. रोज मीटर लावून आकडे रजिस्टरमध्ये लिहितो, त्यापुढे काही नाही. थेट कॅटेगरी टू केलं तर चालेल का? (सांगली जिल्हा)

चालतं. आयएसओ १८४३६ या मानकाच्या दुसऱ्या भागात व्हायब्रेशनच्या माणसांसाठी चार कॅटेगरी ठरवल्या आहेत. प्रशिक्षणाचे तास अनुक्रमे ३०, ३८, ३८ आणि ६४. अनुभव ६, १८, ३६ आणि ६० महिने. दुसरीला बसायला पहिली असलीच पाहिजे असं नाही, तिसरीला मात्र दुसरी लागते. पहिलीच्या परीक्षेत २ तासांत ६० प्रश्न, दुसरीच्या परीक्षेत ३ तासांत १००, आणि पास व्हायला ७५ टक्के. मोबियस इन्स्टिट्यूट, अमेरिकेतली व्हायब्रेशन इन्स्टिट्यूट, ब्रिटनमधली पीसीएन योजना ही यातली जाणती नावं. कोर्स कुठलाही असो, सर्टिफिकेटवर या मानकाचा क्रमांक आहे ना, ते आधी बघा. नुसतं ‘सहभाग प्रमाणपत्र’ देणारे दोन दिवसांचे वर्ग वाईट नसतात, पण ते कॅटेगरीच्या जागी चालत नाहीत.

आता तुमच्यापुरतं. कॅटेगरी वनचा माणूस ठरवून दिलेल्या रूटवर डेटा घेतो आणि ठरवून दिलेल्या अलार्मशी ताडून बघतो. टूवाल्याने मोजमापाचं सेटिंग स्वतः ठरवावं, नेहमीचे बिघाड ओळखावेत, सिंगल प्लेन बॅलन्सिंग (एकाच प्रतलात वजन लावून तोल साधणं) करावं अशी अपेक्षा असते. तुम्ही आजवर स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे ते दाखवणारा आलेख) पाहिलेलाच नसेल, फक्त एकूण आकडा लिहीत असाल, तर वन आधी करा. ॲनालायझर हाताळला असेल तर टू.

आणि कोर्स ऑफ-सीझनच्या सुरुवातीला करू नका. सगळे तोच करतात, कारण सुट्टी मिळते. मग पाच-सहा महिने एकही मशीन फिरत नाही आणि शिकलेलं कोरडं होतं. सप्टेंबरच्या आसपास करा, म्हणजे गाळप सुरू झालं की लगेच हात चालेल.

बॉयलरच्या आयडी फॅनचं (धूर ओढून घेणाऱ्या पंख्याचं) व्हायब्रेशन ९ मि.मी./सेकंदवर गेलं, स्पेक्ट्रममध्ये फक्त वन-एक्स. बाहेरच्या पार्टीने बॅलन्सिंग करून ३ वर आणलं. दोन आठवड्यांत पुन्हा ८. आम्हाला ट्रेनिंगमध्ये वन-एक्स म्हणजे अनबॅलन्स असंच शिकवलं होतं. (अहिल्यानगर जिल्हा)

असं शिकवणारे बरेच आहेत. भिंतीवर लावायचा तो रंगीत तक्ता असतो ना, एका बाजूला स्पेक्ट्रम आणि दुसऱ्या बाजूला बिघाडाचं नाव, त्याचा हा प्रताप. वन-एक्स म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला एकदा काहीतरी होतंय, एवढंच. ते अनबॅलन्समुळे होईल, वाकलेल्या शाफ्टमुळे, मिसअलाइनमेंटमुळे (जोडलेले शाफ्ट एका रेषेत नसल्यामुळे), तिरक्या बसलेल्या पुलीमुळे, सैल पायामुळे किंवा रेझोनन्समुळे (रचनेची स्वतःची फ्रिक्वेन्सी फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीजवळ आली की कंपन फुगतं, त्यामुळे). कोणामुळे ते ठरवायला फेज, म्हणजे फेरीच्या कुठल्या अंशावर कंपन शिखराला पोचतं ते, घ्यावी लागते. ज्या प्रशिक्षणात फेज तासाभरात उरकतात, त्याचे पैसे वाया गेले असं मी समजतो.

दोन्ही बेअरिंगवर आडवी आणि उभी, अशी फेज घ्या. खरा अनबॅलन्स असेल तर आडव्या आणि उभ्या फेजमध्ये साधारण ९० अंशांचा फरक येतो, कारण बल शाफ्टबरोबर गोल फिरत असतं. तुमच्याकडे आडवं वाचन उभ्याच्या पाच-सहा पट असेल आणि फेजचा फरक शून्याजवळ किंवा १८०जवळ असेल, तर फॅन गोल फिरत हलत नाहीये, एका दिशेने डुलतोय. मग इम्पेलर (पात्यांचं चाक) सोडा आणि पेडेस्टलकडे (बेअरिंगच्या आधाराकडे) बघा.

फॅन बंद असताना बंप टेस्ट करा: पेडेस्टलवर आडवा सेन्सर लावायचा, जाड लाकडी ठोकळ्याने किंवा रबरी हातोड्याने आडवा ठोका द्यायचा आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला ते थरथरतं ते बघायचं. फॅन ९९० आरपीएमचा धरला तर फिरण्याची फ्रिक्वेन्सी १६.५ हर्ट्झ. ठोक्याला १८च्या आसपास शिखर आलं तर जेमतेम ९ टक्क्यांचं अंतर आहे, आणि तेवढ्यात वाटीभर राखसुद्धा मीटर नाचवते. पार्टीने काम चुकीचं केलं असेलच असं नाही. त्यांनी ३ वर आणून दिला, राख बसली, रेझोनन्सने ती राख मोठी करून दाखवली.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं ड्राइव्ह) असेल तर आणखी सोपी खूण आहे. अनबॅलन्सचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ९९० वरून ९६० वर आणलं तर वेग ३ टक्के उतरला, म्हणजे बल सुमारे ६ टक्के. व्हायब्रेशनही साधारण तेवढंच उतरलं तर ठीक. ते निम्म्यावर आलं आणि फेजही सरकली, तर रेझोनन्स. फाउंडेशन बोल्ट आणि बेस प्लेटखालचं ग्राउटिंग तपासा. ग्राउट पोकळ झालेलं हातोडीने वाजवून कळतं.

आता राखेचं. बॅगासच्या बॉयलरमध्ये राखेबरोबर वाळूही येते. ती ब्लेड झिजवते आणि राख ब्लेडच्या पाठीवर थर धरते. इन्स्पेक्शन डोअर उघडून टॉर्च मारून पाठीची बाजू बघा. इम्पेलर साफ न करताच बॅलन्स केला तर वेल्ड केलेलं वजन त्या थराला तोलत असतं. चार दिवसांनी थराचा एखादा पापुद्रा निखळतो आणि तुमचं स्वतःचं वजनच अनबॅलन्स होऊन बसतं. तुमचा ‘दोन आठवड्यांत पुन्हा ८’ बहुधा असाच आला असावा. आधी खरवडून साफ, मग वाचन, आणि तरीही गरज असेल तर बॅलन्सिंग. ट्रायल वेट (चाचणीचं तात्पुरतं वजन) लावल्यावर व्हायब्रेशन निदान ३० टक्क्यांनी किंवा फेज निदान ३० अंशांनी बदलली पाहिजे. तेवढी बदलली नसेल तर त्या हिशेबावर वेल्डिंग मशीन सुरू करू नका.

२-पोल मोटरवर पंप आहे, ४१५ व्होल्ट, २९८० आरपीएम. १०० हर्ट्झला मोठं शिखर येतं. इलेक्ट्रिकलवाले म्हणतात अलाइनमेंट बघा, मेकॅनिकलवाले म्हणतात मोटरचा दोष. मी मध्ये अडकलोय. (रायगड, केमिकल प्लांट)

दोघांनाही थांबवा, कारण तुमच्या सेटिंगमध्ये दोघांचीही शिखरं एकाच रेघेत बसली आहेत. २९८० ला ६० ने भागलं की ४९.६७ हर्ट्झ, त्याची दुप्पट ९९.३३. मिसअलाइनमेंटचा टू-एक्स (फेऱ्याला दोनदा) तिथे येतो. आपला सप्लाय ५० हर्ट्झचा, त्याची दुप्पट १००. मोटरच्या चुंबकीय ओढीचं शिखर तिथे. अंतर ०.६७ हर्ट्झचं. रूटवर १००० हर्ट्झपर्यंत ८०० लाइन्स (स्पेक्ट्रमचे तेवढे तुकडे) अशी नेहमीची मांडणी असेल तर एक लाइन १.२५ हर्ट्झची झाली. त्यात ही दोन शिखरं वेगळी दिसणं शक्यच नाही.

२०० हर्ट्झपर्यंत १६०० लाइन्स करा. एक लाइन ०.१२५ हर्ट्झ, एका नमुन्याला ८ सेकंद. तेवढा वेळ सेन्सर धरून उभं राहायचा कंटाळा येतो म्हणून कोणी करत नाही, मॅग्नेट वापरा. शिखर ९९.३३ वर निघालं तर कपलिंग उघडा. १०० वर निघालं तर मोटर.

यंत्राशिवायही एक अंदाज येतो. मोटरजवळ उभं राहून ऐका. गुणगुण दर दीड सेकंदाला फुगते आणि ओसरते का? तसं असेल तर दोन्ही शिखरं आहेत, कारण ०.६७ हर्ट्झच्या फरकाचा ठोका दीड सेकंदाचाच येतो. ऑपरेटरची परवानगी घेऊन मोटर बंद करताना वाचन चालू ठेवा: सप्लाय तुटताक्षणी जे शिखर गायब होतं ते विजेचं, वेगाबरोबर हळूहळू खाली सरकत जातं ते यांत्रिक.

आणि १०० निघालं म्हणून मोटर लगेच रिवाइंडिंगला पाठवू नका. पाय नीट टेकलेला नसला की बोल्ट आवळताना बॉडी पिळते आणि आतला एअर गॅप एकीकडे कमी होतो. मोटर बंद, आयसोलेट करून डायल गेज लावा आणि एकेक बोल्ट सैल करा. पाय ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त उचलला तर शिम (पायाखालची पातळ पट्टी) घाला. शिम स्टेनलेसची, शक्यतो एकच. पत्र्याच्या पाच चकत्यांची चळत स्प्रिंगसारखं काम करते.

७५ किलोवॅटची मोटर, काँक्रीट फाउंडेशन. व्हायब्रेशन १.२ वरून २.४ झालं, तरी अलार्म २.८ चा म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. बेअरिंग गेलं. मग ट्रेनिंगचा उपयोग काय? (चाकण)

आकडा बरोबर होता, वाचन अर्धवट होतं. तुमच्या गटाच्या मोटरला घट्ट पायावर १.४, २.८ आणि ४.५ मि.मी./सेकंद या हद्दी आयएसओ १०८१६ च्या तिसऱ्या भागातून आल्या. त्याची जागा २०२२ मध्ये २०८१६ च्या तिसऱ्या भागाने घेतली. पण त्याच मालिकेत बदलाबद्दलही लिहिलंय: बी झोनच्या (१.४ ते २.८) वरच्या हद्दीच्या २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर, वाढ असो की घट, कारण शोधा. २.८ चे २५ टक्के म्हणजे ०.७. तुमच्याकडे १.२ ने वाढलं होतं.

दुसरं म्हणजे, बेअरिंगच्या सुरुवातीच्या दुखण्यात हा एकूण आकडा फारसा हलतच नाही. तो साधारण १० ते १००० हर्ट्झमधला असतो. रेसवर (बॉल ज्यावर फिरतात त्या कड्यावर) बारीक खड्डा पडला की त्यावरून जाणारा प्रत्येक बॉल टिचकी मारतो आणि त्याने बेअरिंग आणि हाउसिंग काही हजार हर्ट्झला वाजतं. ते पकडायला एन्व्हलप वाचन (त्या वाजण्यातून टिचक्यांची लय वेगळी काढणारं) लागतं. त्यासाठी सेन्सर नीट बसायला हवा: हातात धरून टोचलेल्या प्रोबमधून हजार हर्ट्झच्या वरचं फारसं पोचतच नाही, रंगाच्या थरावर ठेवलेला मॅग्नेटही तिथे कमी पडतो. बेअरिंगच्या जवळ रंग खरवडून इपॉक्सीने स्टीलची सपाट चकती चिकटवा आणि दर वेळी तिथेच लावा. अशा चकत्या एका सुट्टीच्या दिवशी सगळ्या प्लांटला लावून होतात, आणि माझ्या मते नव्या सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधीचं हे काम आहे.

वायरलेस सेन्सर आणि ‘एआय’ बसवलं की माणसांना शिकवायची गरज नाही, असं सांगणारे विक्रेते येतात, तेही याच पत्रात विचारलंय. त्यांना एकच विचारा: तुमचा सेन्सर किती हर्ट्झपर्यंत वाचतो? उत्तर १००० आलं तर तुमचं बेअरिंग पुन्हा असंच जाईल.

बीईच्या शेवटच्या वर्षाला आहे. थेट कॅटेगरी थ्री करून गल्फमध्ये जायचा विचार आहे. (नागपूर)

थेट होणार नाही. वर लिहिल्याप्रमाणे आधी टू आणि ३६ महिन्यांचा अनुभव. तिथल्या रिफायनऱ्यांच्या जाहिरातींत कॅटेगरी टू-थ्री मागतात हे खरं, पण मुलाखतीत कागद बाजूला ठेवून स्पेक्ट्रम पुढे ठेवतात.

तोवर फुकटात बरंच करता येतं. आयआयटी खरगपूरचे प्रा. ए. आर. मोहंती यांचा मशिनरी फॉल्ट डायग्नोसिसवरचा कोर्स एनपीटीईएलवर (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर) आहे, तो पूर्ण बघा. मग अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंग डेटा उतरवून घ्या. २ एचपीच्या मोटरमध्ये मुद्दाम खड्डे पाडलेली बेअरिंग बसवून घेतलेली ती रेकॉर्डिंग आहेत, जगभरचे विद्यार्थी त्यावर हात साफ करतात. ड्राइव्ह एंडला ६२०५ बेअरिंग, ९ बॉल. बाहेरच्या रेसचा गुणक (शाफ्टच्या एका फेऱ्यात खड्ड्यावरून जाणाऱ्या बॉलची संख्या) ३.५८५, आतल्याचा ५.४१५; दोन्हींची बेरीज बॉलच्या संख्येइतकी येते, हे एकदा करून बघा.

१७९७ आरपीएमची, बाहेरच्या रेसमध्ये दोष असलेली फाइल घ्या. १७९७ भागिले ६० म्हणजे २९.९५, गुणिले ३.५८५ म्हणजे १०७.४ हर्ट्झ. आधी साधा एफएफटी (सिग्नलमधून स्पेक्ट्रम काढायची गणिती रीत) काढा. शिखरांची गर्दी तीन हजार हर्ट्झच्या आसपास दिसेल आणि १०७ ला जवळपास काही नाही. मग तो वरचा पट्टा फिल्टर करा, एन्व्हलप काढा, त्याचा एफएफटी घ्या. १०७, २१५, ३२२ अशी ओळ उभी राहील. पायथनमध्ये वीसेक ओळींचं काम आहे. जमलं की आतल्या रेसची फाइल घ्या आणि तिथे मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना ३० हर्ट्झवर साइडबँड (बाजूची छोटी शिखरं) का येतात, बाहेरच्या रेसला तसे का येत नाहीत, याचं उत्तर दोन वाक्यांत लिहून मला पाठवा.