वाचक विचारतात : ड्रेडलॉक्स, म्हणजे हौसेच्या जटा

प्रश्न : माझे केस सरळ, रेशमी, खांद्यापर्यंत आहेत. ड्रेडलॉक्स होतील का? घरी करता येतील का? (नाशिक)

होतील. कुरळ्या आफ्रिकी केसांची लट आपसूक वळते, सरळ केस मात्र मुद्दाम गुंतवावे लागतात. घरी जमतं, पण डोक्याची मागची बाजू स्वतःची स्वतःला करता येत नाही. मदतीला कुणीतरी हवंच.

लांबी किमान 15 सेंटीमीटर असावी. आधीचे आठ दिवस तेल आणि कंडिशनर बंद. ज्या दिवशी करायचं, त्या दिवशी साध्या शाम्पूने धुऊन केस पूर्ण वाळवा, कारण निसरड्या केसाला गाठ बसत नाही. मग दोन-अडीच सेंटीमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला रबर लावा. चौकोन विटांच्या भिंतीसारखे, वरच्या ओळीचा सांधा खालच्या ओळीच्या मध्यावर येईल असे पाडा. सरळ रांगा पाडल्या तर मधली टाळू पट्ट्यापट्ट्यांनी दिसते. साधारण 40 ते 60 लटा होतात. चौकोन फार लहान घेतला तर पुढे लटेचं वजन मुळाला पेलत नाही, फार मोठा घेतला तर लट आतून वाळत नाही.

आता लटेचं टोक ताणून धरा आणि लिखा काढायच्या स्टीलच्या फणीने मुळाजवळून सुरुवात करून केस उलटे, टाळूच्या दिशेने विंचरा. एका वेळी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच. गाठोडं घट्ट झालं की पुढे सरका. टोकापर्यंत पोचलात की 0.75 मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्या. सुई लटेत घालायची, चार-दोन केस पकडून आत ओढायचे, लट थोडी फिरवायची, पुन्हा तेच. हात छोटा आणि हलका ठेवा. सुई आरपार खेचली की केस तुटतात आणि ते नुकसान सहा महिन्यांनी लट मध्येच बारीक होते तेव्हा दिसतं.

दोघांनी मिळून केलं तरी पूर्ण दिवस जातो. लांबी चौथाईने तरी कमी होईल, याची मनाची तयारी ठेवा. पहिले काही महिने केस पिंजारलेले दिसतात. त्याला घाबरून रोज सुई चालवू नका. सरळ केसांची लट पक्की व्हायला वर्षभर लागतं.

प्रश्न : लटा बसाव्यात म्हणून मेण लावलं. आता चिकट झाल्या आहेत. (पुणे)

मधमाशीचं मेण साठ अंशांच्या वर वितळतं आणि तेवढं गरम पाणी डोक्यावर घेता येत नाही. म्हणून ते शाम्पूने निघत नाही, आत राहतं आणि धूळ, कपड्यांचे तंतू धरून ठेवतं. वरवरचं मेण, हेअर ड्रायरची कोमट हवा देत, टिश्यू पेपरने दाबून टिपून घ्या. आत मुरलेलं बहुधा कापूनच जाईल. लट मेणाने बसत नाही, गुंत्याने बसते.

खोबरेल तेलही लटेला नको. थंडीत ते आतच थिजतं. टाळू कोरडी पडत असेल तर धुण्याच्या आदल्या रात्री बोटाच्या टोकाने पाच-सहा थेंब फक्त टाळूला लावा.

प्रश्न : पावसाळ्यात लटांना कुबट वास येतो. आठवड्यातून दोनदा धुते, तरी जात नाही. (रत्नागिरी)

तुमचं धुण्यात चुकत नसावं, वाळवण्यात चुकतंय. लट बाहेरून कोरडी लागते तेव्हाही आत ओल असते. कोकणच्या दमट हवेत ती रात्रभर राहिली की बुरशी धरते.

सकाळीच धुवा, संध्याकाळी कधीच नाही. अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे शाम्पू मिसळून टाळूवर ओता, बोटांच्या पेरांनी चोळा, फेस लटांमधून उतरू द्या. नंतर हाताला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत पाणी घालत एकेक लट पिळा. टर्किश टॉवेलचे तंतू लटेत अडकतात, जुना सुती पंचा उत्तम. पिळून झालं की पंख्याखाली बसा आणि नंतर ड्रायर मध्यम उष्णतेवर फिरवा. सर्वांत जाड लट टिश्यू पेपरमध्ये घट्ट दाबून पाहा. कागद ओला झाला तर बांधायचं नाही, झोपायचंही नाही. पावसाळ्यात दोनदाऐवजी एकदाच धुतलंत तरी चालेल, पण कडकडीत वाळवा.

आत्ताच्या वासासाठी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून त्यात लटा दहा मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुवा. दोन-तीन धुण्यांनंतरही एखाद्या लटेचा वास गेला नाही आणि आत करडे-काळे ठिपके दिसले, तर ती लट कापा. खाण्याचा सोडा वारंवार वापरू नका. तो क्षारीय असल्याने केस रखरखीत होऊन तुटतात.

प्रश्न : मुलगी पैसे देऊन ड्रेडलॉक्स करून आली. आमच्या आजेसासूबाईंना जट होती, देवीची म्हणून मरेपर्यंत कापू दिली नाही. ही जटच नव्हे का? (कोल्हापूर)

ताई, गुंता होण्याचं कारण एकच : केसाला केस घासतो. देवीचा त्यात संबंध नाही. टाळूबाहेरचा केस निर्जीव असतो, कापला तर दुखत नाही, रक्त येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात अनेक बायकांच्या जटा सोडवल्या, कुणावर कोप झाला नाही.

फरक मुळाशी आहे. जटेत सगळ्या केसांचा एकच गोळा होतो, टाळूपर्यंत पाणी पोचत नाही, वर हळद-कुंकवाचा थर बसतो, मान अवघडते, उवा होतात. ड्रेडलॉक्समध्ये प्रत्येक लटेचं मूळ वेगळं असतं आणि मधली टाळू धुता येते. मात्र शेजारच्या लटा मुळाशी आपोआप जुळू पाहतात. दर धुण्यानंतर मुलीने त्या बोटांनी एकेक करून सुट्या केल्याच पाहिजेत. कंटाळा केला तर तुमची शंका खरी ठरेल.

प्रश्न : दर पंधरा दिवसांनी मुळं घट्ट करून घेतो. कपाळाजवळचे केस विरळ झालेत. (ठाणे)

ताबडतोब थांबवा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, पंधरा दिवसांत घट्ट करण्याजोगं काही उगवतच नाही. सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवा. उंच अंबाडा बांधू नका. काम झाल्यावर डोकं ठणकत असेल किंवा मुळाशी पुटकुळ्या येत असतील, तर ओढ जास्त आहे. सुरुवातीला ओढ थांबवली की केस परत येतात, मुळाशी व्रण धरला की येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांना याच महिन्यात दाखवा.

प्रश्न : तीन वर्षांनी लटा काढायच्या आहेत. टक्कल न करता जमेल? (मडगाव)

जमेल. मुळापासून सहा-सात सेंटीमीटर ठेवून बाकीचं कापा. उरलेल्या भागात भरपूर कंडिशनर मुरवा आणि कापलेल्या टोकाकडून मुळाकडे, स्टीलच्या शेपटीच्या कंगव्याने चिमूटचिमूट सोडवा. दोन-तीन दिवस लागतील. हातात केसांचा ढीग येईल. रोज 50 ते 100 केस एरवीही गळतातच, तीन वर्षांचे ते लटांमध्ये अडकून होते.