सहावीवरचा पहिला सराव पाठ

शिक्षक-प्रशिक्षणात सहावीच्या वर्गावर पहिल्यांदा पाठ घ्यायचा आहे? मग शाळेत परिपाठाच्या आधी पोहोचा. वर्गशिक्षकांकडून कोण कुठे बसतं याचा आराखडा, नावांसकट, मागून घ्या. नावाने हाक मारली की निम्मी गडबड आपोआप थांबते.

तासिका ३५ मिनिटांची असली तरी टाचण (पाठाचं लेखी नियोजन) २५ मिनिटांचंच काढा. हजेरी, वह्या काढणं, फळा पुसणं यात बाकीची जातात. नवख्यांचा पाठ बहुधा प्रस्तावनेतच अडकतो आणि मूल्यमापन राहून जातं. प्रस्तावनेला ३-४ प्रश्न पुरेत.

अपूर्णांकांची बेरीज घेणार असाल, तर १/२ + १/३ = २/५ हे उत्तर येणारच. मुलं अंश अंशात, छेद छेदात मिळवतात. लगेच ‘चूक’ म्हणू नका. विचारा, ‘अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं?’ मग कागदाच्या पट्टीचे सहा समान भाग करून ३ आणि २ भाग रंगवून घ्या, ५/६ समोर दिसतं. लसावि त्यानंतर.

‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. एक उदाहरण द्या नि शेवटच्या बाकापर्यंत फिरा. फळ्याकडे तोंड करून बोलणं टाळा (पाठ बघणाऱ्यांच्या निरीक्षण वहीत हा शेरा हमखास येतो!). मार्गदर्शक शिक्षकांची सही त्याच दिवशी घ्या.