‘इंद्रियदमनात धीराची भर’ : ‘त’ की ‘ला’?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातील पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:५-७) ‘ज्ञानात इंद्रियदमनाची, इंद्रियदमनात धीराची, धीरात सुभक्तीची’ भर घाला, असे म्हटले आहे. त्याऐवजी ‘इंद्रियदमनाला धीराची जोड द्या’ असे सोपे मराठी का नको? आणि धीर म्हणजे सहनशीलताच ना?

उत्तर : येथला ‘त’ बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. मूळ ग्रीकमध्येही या जागी ‘एन’, म्हणजे ‘मध्ये’, हाच शब्द आहे. जोड दिलेल्या दोन वस्तू शेजारी शेजारी राहतात. पिठात घातलेले मोहन मात्र पुन्हा वेगळे काढता येत नाही. म्हणून आधी इंद्रियदमन पुरते साधावे आणि मग धीराकडे वळावे, अशा पायऱ्या या वचनात पाहणे मला रचनेला धरून वाटत नाही. ‘भर घाला’ याचे मूळ क्रियापद ‘एपिखोरेगेओ’ हे अथेन्समधील ‘खोरेगॉस’शी, म्हणजे नाटकातील गायकवृंदाचा खर्च उचलणाऱ्या धनिक नागरिकाशी, नाते सांगते, त्यामुळे ही भर हात आखडता न घेता घालायची आहे.

धीर आणि सहनशीलता यांत फरक आहे. येथे मूळ शब्द ‘हुपोमोने’, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. गलतीकरांस पत्रातील (५:२२) सहनशीलतेमागे ‘माक्रोथुमिआ’, म्हणजे राग लवकर न येणे, हा शब्द आहे. मराठीतही सहनशीलता संपते, पण धीर सुटतो, कारण तो धरलेला असतो. अर्थात ही सीमारेषा पक्की नाही : याकोबाच्या पत्रात (५:७) पावसाची वाट पाहणारा शेतकरी ‘धीर धरतो’, तेथे ग्रीकमध्ये ‘माक्रोथुमिआ’चे क्रियापद आहे.

‘इंद्रियदमन’ याच्या मुळाशी असलेल्या ‘एन्क्रातेइआ’त इंद्रिये नाहीत, ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता आहे. प्रेषित पौल याच शब्दाचे क्रियापद स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूसाठी वापरतो (करिंथकरांस पहिले पत्र ९:२५). ‘सुभक्ती’ मात्र ‘एउसेबेइआ’ला अक्षरशः जुळते, कारण ‘एउ’ म्हणजेच ‘सु’.

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा करणारी सून ओठांवर आलेला कडू शब्द गिळते, ते इंद्रियदमन. रात्री तिसऱ्यांदा चादर बदलायला उठतानाही तो गिळलेलाच राहतो, तो त्या दमनातला धीर. आणि हे सारे आपण देवासमोर करत आहोत, हे तिला ठाऊक असते, ती त्या धीरातली सुभक्ती.