त्याला पळवू नका, भाऊ

पत्र, थोडक्यात: मुलगा १९ वर्षांचा. बारावी कला, ५४ टक्के. सिकलसेल आहे, एसएस. उजव्या पायानं लंगडतो. पुतण्या पोलिसात लागला म्हणून यालाही पहाटे पाचला मैदानावर नेतो, पण दोन फेऱ्यांत बसून घेतो, अंगात आळस आहे. आजार त्याच्या आईकडून आला. जमातीचा दाखला आहे, आता अपंगाचाही काढतोय. दोन्ही लावले तर नोकरी पक्की ना? तोवर नागपूरला कॉम्प्युटरच्या निवासी क्लासला टाकू का? एरवी तेंदूच्या हंगामात ग्रामसभेच्या फळीवर (पानं मोजून घेतात तिथे) मुन्शी असतो, मोबाइलवर हिशेब करत बसतो. त्यात काही मिळत नाही. (एक वडील, धानोरा तालुका, जि. गडचिरोली)

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पहाटे पाचपाशीच अडकले. नोकरीचं नंतर बोलू. उद्यापासून त्याला मैदानावर नेऊ नका.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकून बसतात. थंडी, तहान, दमछाक, या तिन्हींनी त्रास वाढतो. पहाटेच्या गारठ्यात त्याला पळवणं म्हणजे तिन्ही एकदम अंगावर घेणं. आणि तो लंगडतो, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात! या आजारात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, खुब्यातला, रक्त न पोचल्यानं आतून मरत जातो. तुमच्या मुलाचं तेच असेल असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण जिल्हा रुग्णालयात खुब्याचा एक्स-रे काढा. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून दुखणं चालूच राहिलं तर एमआरआयचं विचारा. पोलीस भरतीचे १६०० मीटर त्याच्यासाठी नाहीत, हे आजच मनातून काढून टाका.

दोन फेऱ्यांत बसतो तो आळशी म्हणून नव्हे. दुखत असताना दोन फेऱ्या मारतो, कारण तुम्हाला 'नाही' म्हणायची त्याची हिंमत होत नाही. पुतण्या वर्दीत घरी आला की तुमच्या पोराकडे गाव कसं बघत असेल, हे मला कळतं. पण ती लाज तुमची आहे. ती त्याच्या खुब्यावर लादू नका.

आणि आईचं. एसएस म्हणजे एक एस आईचा आणि एक बापाचा. नुसता आईकडून आला असता तर तो तुमच्यासारखाच वाहक झाला असता, आजारी नसता. होय, तुम्हीही वाहक आहात. यात दोष कुणाचाच नाही. पण घरात इतकी वर्षं जी एकटीच ऐकून घेते आहे, तिला हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकू द्या. धाकटी भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्या.

आता दाखल्यांचा घोळ, कारण तो फार घरांमध्ये आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि सिकलसेल त्यात आहे. म्हणून लोकांना वाटतं की दिव्यांगाचं कार्ड हातात आलं की नोकरीतलं ४ टक्के आरक्षण लागू झालं. तसं नाही. नोकरीच्या कलमात, म्हणजे कलम ३४ मध्ये, दृष्टी, श्रवण, अस्थिव्यंग, आणि बौद्धिक व मानसिक दिव्यांगत्वाचे गट आहेत, बहुविकलांगही आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार त्यात नाहीत. उच्च शिक्षणातलं ५ टक्के मात्र ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सगळ्यांना आहे, सिकलसेलवाल्यांना धरून. जो आजार आदिवासी घरांमध्ये इतका आहे, तोच नोकरीच्या यादीतून वगळावा, हे मला अन्यायाचंच वाटतं. तुमच्यापुरता मार्ग असा: खुब्यात खरोखर बिघाड निघाला तर त्याची तपासणी अस्थिव्यंग म्हणून वेगळी होते. तो दाखला ४० टक्क्यांवर गेला तर ४ टक्क्यांचं दार उघडतं. आणि दोन दाखल्यांची बेरीज होत नाही. दिव्यांगांचं आरक्षण समांतर आहे. त्यातून निवड झाली तरी उमेदवार जमातीच्याच जागेवर मोजला जातो. दार मिळतं, नोकरी नाही.

तलाठी, लिपिक, एमपीएससी: पदवी झाली आणि जाहिरात आली की फॉर्म भरू द्या, पण त्यासाठी घरी बसवून ठेवू नका.

निवासी क्लासबद्दल माझा अनुभव वाईट आहे. असाच एक मुलगा मी पाठवला होता. महिन्याला तीन-चार दिवस अंग दुखून पडायचा. बोटाचा ठसा लावून हजेरी, ती भरली नाही, नाव कापलं. घरी परतला तो 'शिकायची लायकी नाही' असं मनात घेऊन. त्याला पाठवण्याआधी मी चार गोष्टी विचारायला हव्या होत्या, त्या तुम्ही विचारा: आजारपणातली गैरहजेरी माफ होते का, झोपायची जागा तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का (खुबा दुखत असेल तर उकिडवं बसवत नाही), आणि रक्त लागलं तर दवाखाना किती लांब. कायद्यानं अशी सोय मागणं हा त्याचा हक्क आहे. उत्तर 'बघू' असं आलं तर पाठवू नका.

पण मला तर तो नागपूरला जावा असंच वाटत नाही. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ बघा. फळीवर कुणी किती पुडके (पानांचे जुडगे) आणले, कुणाचे किती पैसे झाले, हे १९ वर्षांचं पोर मोबाइलवर मांडतं. फळीवर हिशेबावरून काय होतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्यानंतर जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभा स्वतः तेंदू-बांबू विकू लागल्या. विक्री आली की बँक खातं, मजुरीवाटप, लेखापरीक्षण, जंगलाचा नकाशा, सगळं आलं. हे गोंडीत समजावून सांगणारा आणि मराठीत कागद करणारा माणूस फार गावांना मिळत नाही. तुमच्या घरात तो आहे.

म्हणून गडचिरोलीत किंवा धानोऱ्यातच मराठी टायपिंग, मिनिटाला ३० शब्दांची सरकारी परीक्षा. युनिकोडमध्येच शिकू द्या. मग टॅली, हिशेबाचं. मग क्यूजीआयएस, नकाशांचं, ते फुकट मिळतं. बरोबर मुक्त विद्यापीठाची बी.कॉम., तिथे रोज वर्गात हजर राहावं लागत नाही. सुरुवातीला पगार असा नसेल. तुमच्या ग्रामसभेला हंगामाचं मानधन ठरावात लिहून मागा, शेजारच्या दोन-तीन गावांचं काम जोडा. फुकट करू देऊ नका, कारण आज 'त्यात काही मिळत नाही' हे खरंच आहे, आणि ते ठराव करूनच बदलेल.

त्याला काय हवंय हे मात्र मला माहीत नाही. तुमच्या दोन पानांत त्याचं एकही वाक्य नाही. एक्स-रे झाला की पुढचं पत्र त्यानं लिहावं, मोबाइलवरून लिहिलं तरी चालेल. सोबत यंदाच्या फळीच्या हिशेबाचा फोटो पाठवायला सांगा. मला तो बघायचाय.