रत्नागिरी ते ऑकलंड: अंतर आणि लागणारा वेळ

नोकरीसाठी ऑकलंडला स्थायिक झाल्यास रत्नागिरीहून तिथवर किती अंतर पडते, विमानाला किती तास लागतात आणि घरी काही अडचण आली तर किती वेळात परत येता येईल, असे आपण विचारले आहे. मी मूळचा रत्नागिरीचाच असून गेली अकरा वर्षे ऑकलंडला राहतो, त्यामुळे हा प्रवास अनेकदा केलेला आहे.

मुंबई ते ऑकलंड हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर आहे. मध्ये एकदा तरी विमान बदलावे लागते. पण मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० आणि तिथून ऑकलंड सुमारे ८,४०० किलोमीटर असल्याने सिंगापूर जवळजवळ सरळ वाटेवरच पडते. दुबईमार्गे जाणारा मात्र आधी उलट पश्चिमेला जातो आणि त्याचा फेरा १६,००० किलोमीटरच्या पुढे जातो. तिकीट थोडे स्वस्त मिळाले तरी तो मार्ग मी घेणार नाही. सिंगापूरमार्गे हवेतले तास साडेपाच आणि पावणेदहाच्या आसपास, म्हणजे थांबा धरून अठरा ते वीस तास होतात. परतीच्या प्रवासात समोरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळे साधारण तासभर जास्त लागतो. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे तिकीट काढल्यास नुसत्या विमानबदलासाठीही ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो आधी काढून ठेवावा.

ऑकलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते, आणि सप्टेंबरअखेरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत साडेसात तास. त्यामुळे शनिवारी रात्री मुंबईहून निघालेला माणूस रविवारी रात्री उशिरा किंवा सोमवारी पोहोचतो. रुजू होण्याची तारीख ठरवताना हे विसरू नये. उतरल्यावर सामानाच्या तपासणीतही वेळ जातो. खाण्याचा प्रत्येक पदार्थ अर्जावर नोंदवावा, कारण न नोंदवल्यास जागेवर ४०० डॉलरचा दंड होतो. माझ्या आईने दिलेली आमसुले अधिकाऱ्याने पुडी सोडून हुंगली आणि परत दिली. हापूसची पेटी मात्र न्यायचा विचारही करू नये.

खरी अनिश्चितता विमानात नसून रत्नागिरी ते मुंबई या साडेतीनशे किलोमीटरांत आहे. एका जुलैमध्ये परशुराम घाटात दरड आल्याने आमची गाडी पाच तास अडकली आणि माझे विमान चुकले. त्या दिवसापासून मी पावसाळ्यात आदल्या रात्रीच्या कोकणकन्येने निघतो, पहाटे ठाण्याला उतरतो आणि दिवसभर मावशीकडे थांबून रात्रीचे विमान पकडतो. पावसाळी वेळापत्रकात रेल्वेही सावकाश धावते, पण महामार्गापेक्षा तिचा भरवसा अधिक.

आता तिसरा प्रश्न. वडिलांना दवाखान्यात दाखल केल्याचा फोन मला आला तेव्हा ऑकलंडला दुपार होती. तिकीट मिळेपर्यंत आठ तास गेले, मग दोन विमाने, मग ठाण्याहून गाडी. रत्नागिरी स्थानकाबाहेर रिक्षात बसेपर्यंत बेचाळीस तास झाले होते. त्यामुळे घरच्यांना ‘एका दिवसात येईन’ असे सांगून ठेवू नका. दोन दिवस सांगा, आणि त्या दोन दिवसांत धावपळ कोण करील हे निघण्यापूर्वीच भावंडांशी बोलून ठरवा.