दुधाच्या दातांवरचे खळगे आणि कीड

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. तिचा जन्म चौतिसाव्या आठवड्यात झाला आणि पहिले बारा दिवस ती काचेच्या पेटीत होती. तिचे वरचे पुढचे दात उगवले तेव्हापासूनच खडबडीत व पिवळट होते; आता ते तपकिरी होऊन कडेने झिजू लागले आहेत. गरोदरपणी मी कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घेतल्या नाहीत, त्याचा हा परिणाम असेल का? आता तिला कॅल्शियमचे औषध द्यावे का? सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत. ती रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते.

उत्तर : दुधाच्या पुढच्या दातांचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास तयार होऊ लागते आणि जन्मानंतर काही महिन्यांत पूर्ण होते. या काळात अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः कमी वजन, जंतुसंसर्ग, बाळाच्या रक्तातील कॅल्शियम घटणे किंवा आईच्या शरीरात ड जीवनसत्त्वाची कमतरता असणे, यांपैकी काहीही घडले तरी त्या वेळी घडत असलेल्या थरात उणीव राहू शकते. आपल्या मुलीच्या बाबतीत वेळेआधी झालेला जन्म हेच अधिक संभाव्य कारण दिसते. चुकलेल्या गोळ्यांचा दोष आपण स्वतःकडे घेऊ नये. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात, त्यामुळे आता कॅल्शियमचे औषध पाजून ते खळगे भरून येणार नाहीत.

उगवतानाच दिसणारा खडबडीतपणा ही कीड नव्हे. मात्र दुधाच्या दातांचे कवच मुळातच पातळ असते आणि त्यातल्या खळग्यांत जंतूंचा थर चिकटून राहतो, म्हणून अशा दातांना कीड लवकर लागते. तपकिरी रंग आणि झिजणाऱ्या कडा पाहता आपल्या मुलीच्या दातांत ती सुरू झालेली असावी. येथे खरा प्रश्न रात्रीच्या बाटलीचा आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते, साखरेचे दूध वरच्या दातांभोवती साचते आणि जंतू त्या साखरेचे आम्ल करतात. खालचे पुढचे दात जिभेआड व लाळेत राहतात, म्हणून ते बहुधा बचावतात. बाटली एका रात्रीत तोडल्यास घरात रडारड होईल. त्यापेक्षा आधी साखर बंद करावी, मग दर दोन-तीन दिवसांनी दुधातले पाणी वाढवत न्यावे आणि शेवटी बाटलीत नुसते पाणी उरू द्यावे.

दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता, फ्लोराइडयुक्त (१००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन मोठ्या माणसाने दात घासावेत. मुलीचे डोके आपल्या मांडीवर घेऊन वरचा ओठ उचलावा, दात कापडाने कोरडे करावेत आणि हिरडीलगत पाहावे. तेथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण होय. या टप्प्यावर फ्लोराइडने कीड थोपवता येते.

सासूबाईंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात, आणि पुढून सुरू झालेली कीड दाढांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. त्यामुळे बालदंतवैद्यांकडे याच महिन्यात जावे. मूल लहान असल्यास ते ड्रिल न वापरता सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थोपवणारे औषध दातांवर लावू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : लोहाचे थेंब सुरू केल्यापासून मुलाच्या दातांवर काळ्या रेघा आल्या आहेत. औषध बंद करू का?

उत्तर : करू नये. हा डाग वरवरचा असतो व दंतवैद्य तो पॉलिश करून काढतात. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडून लगेच पाणी पाजावे.