तुरुंगात भरलेली कौन्सिलची सभा, सात मतांची पोटनिवडणूक आणि परत आलेला मेयर

लंडनच्या बरो निवडणुकांवर मागे लिहिलं, तेव्हा टॉवर हॅम्लेट्सला जेमतेम चार ओळी दिल्या होत्या. पत्रं मात्र बहुतेक त्या चार ओळींवरच आली. तक्रार रास्त आहे. शहराच्या पूर्वेकडच्या या गोदीकाठच्या बरोएवढ्या चमत्कारिक निवडणुका लंडनमध्ये दुसरीकडे क्वचितच झाल्या असतील. म्हणून या वेळी तेवढंच.

बरो म्हणजे आपल्या मुंबईतल्या वॉर्ड ऑफिससारखं काही असतं का? (नाशिक)

नाही. वॉर्ड ऑफिस महापालिकेचा हात असतो. बरोला स्वतःचं धड आणि डोकं दोन्ही आहे. तिथले नगरसेवक, म्हणजे कौन्सिलर, लोक निवडतात आणि स्थानिक कर बरोच बसवतं. घरं, कचरा, ग्रंथालयं, बांधकाम परवाने, शाळा, म्हाताऱ्या माणसांची देखभाल ही सगळी कामं त्याच्याकडे. पोलीस आणि बस-रेल्वे शहराच्या पातळीवर चालतात. अशी ३२ बरो आहेत, शिवाय सिटी ऑफ लंडन हे जुनं संस्थान वेगळं. १९६३ च्या कायद्याने ही मांडणी झाली, ७ मे १९६४ ला पहिली निवडणूक आणि १ एप्रिल १९६५ पासून कारभार. स्टेप्नी, पॉप्लर आणि बेथनल ग्रीन ही तीन जुनी बरो एकत्र करून टॉवर हॅम्लेट्स झालं.

हा शब्द आपल्यालाही अगदी परका नाही. मुंबई इलाख्यात १९२५ चा बरो कायदा होता आणि त्याखालच्या मोठ्या शहरांच्या नगरपालिकांना ‘बरो म्युनिसिपालिटी’ म्हणत. जुने ठराव किंवा घरपट्टीच्या पावत्या चाळल्यात तर सापडेल.

पॉप्लरमध्ये अख्खं कौन्सिल तुरुंगात गेलं होतं, असं वाचलं. भ्रष्टाचारासाठी का? (पुणे)

अख्खं नाही, ३० जण. आणि भ्रष्टाचारासाठी तर मुळीच नाही. त्यांनी लोकांवर कर बसवायला नकार दिला होता!

१९१८ च्या कायद्याने मतदारयादी रुंदावली आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत मजूर पक्षाने पॉप्लरच्या ४२ पैकी ३९ जागा घेतल्या. निवडून आले ते गोदी कामगार, रेल्वे कामगार आणि त्यांच्या बायका. त्यांच्यापुढे पेच होता तो घरपट्टीचा. घरपट्टी घरांच्या भाड्याच्या किमतीवर आकारली जायची. वेस्टमिन्स्टरसारख्या श्रीमंत बरोत दर थोडा वाढवला तरी तिजोरी भरे. पॉप्लरमधल्या खुराड्यांवर तोच दर लावला तर हाती चिल्लर येई. बेकारांना मदत देण्याचा भार मात्र त्या त्या भागावरच, म्हणजे जिथे गरिबी जास्त तिथे कर जास्त. त्यातून लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणी मंडळ यांचा हिस्साही वसूल करून द्यायचा.

१९२१ च्या मार्चमध्ये कौन्सिलने ठरवलं की हा वरचा हिस्सा वसूलच करायचा नाही. प्रकरण कोर्टात गेलं. २९ जुलैला नगरसेवक वाजतगाजत, पुढे बरोचा राजदंड घेऊन, पॉप्लरहून हायकोर्टापर्यंत चालत गेले. कोर्टाने हुकूम दिला, यांनी तो पाळला नाही, सप्टेंबरात अटक झाली. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच बायका हॉलोवेला. त्यांतल्या नेली क्रेसल गरोदर होत्या. मग तुरुंगातच कौन्सिलच्या सभा भरू लागल्या आणि त्यासाठी हॉलोवेच्या नगरसेविकांना गाडीने ब्रिक्स्टनला आणावं लागे. सहाएक आठवड्यांत सरकार नमलं, सगळे सुटले आणि गरिबांच्या मदतीचा बोजा लंडनभर वाटून घेणारा कायदा झाला.

याची किंमतही पडली. या लढ्याचे पुढारी जॉर्ज लॅन्सबरी यांची सून मिनी तुरुंगातून सुटली आणि १ जानेवारी १९२२ ला न्यूमोनियाने गेली, वय ३२. बो रोडवर तिच्या नावाचं घड्याळ आहे. सासरे पुढे मजूर पक्षाचे नेते झाले. याच बो भागातल्या किंग्जली हॉलमध्ये गांधीजी १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या वेळी उतरले होते. तिथल्या यजमान म्युरिएल लेस्टर याही १९२० च्या दशकात पॉप्लरच्या कौन्सिलवर होत्या. कुठे उतरायचं हे गांधीजींनी नीट पाहून ठरवलं होतं, असं मला वाटतं.

या पुण्याईवर मजूर पक्ष इथे पुढची साठेक वर्षं जगला. बाकी कोणी नव्हतंच असं नाही. स्टेप्नीत १९३७ साली फिल पिराटिन हे कम्युनिस्ट नगरसेवक झाले आणि १९४५ मध्ये थेट खासदार. पण हुजूर पक्षाला या भागात कधी कोणी गंभीरपणे घेतलं नाही. एकाच पक्षाच्या हाती वर्षानुवर्षं चावी राहिली की तिकीटवाटप हीच खरी निवडणूक होते. पुढचं रामायण तिथून सुरू झालं.

एका वॉर्डात तीन नगरसेवक ही पद्धत आपल्या प्रभागांसारखीच का? आणि १९९३ साली वर्णद्वेषी पक्षाचा माणूस तिथे कसा निवडून आला? (ठाणे)

दिसायला सारखी, चालायला वेगळी. आपल्याकडे प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र. टॉवर हॅम्लेट्समध्ये सगळ्या उमेदवारांची एकच यादी. वॉर्डात तीन जागा असतील तर मतदाराने तीनपर्यंत फुल्या मारायच्या, सर्वांत जास्त मतं मिळवणारे पहिले तिघे निवडून येतात. त्यामुळे चाळीस टक्के मतदार एका पॅनेलशी इमान राखून राहिले आणि उरलेले साठ टक्के दोन-तीन ठिकाणी फुटले, तर तिन्ही जागा त्या एकाच पॅनेलच्या. थोडी मतं सरकली की कौन्सिलच पालटतं. इथल्या निकालांत लोकमताची लाट शोधणाऱ्यांना मी नेहमी आधी हे गणित मांडायला सांगतो.

आता १९९३. त्याआधी थोडं मागे जायला हवं. ४ मे १९७८, स्थानिक निवडणुकीचा दिवस. नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष त्या निवडणुकीत उतरला होता. त्या संध्याकाळी अल्ताब अली हा कापड कारखान्यात काम करणारा तरुण बंगाली कामगार घरी परतताना व्हाइटचॅपलमध्ये भोसकला गेला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसं शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. इथल्या बांगलादेशी समाजाचं राजकारण त्या मोर्च्यापासून सुरू झालं, असं त्या पिढीची माणसं सांगतात. १९८२ मध्ये स्पिटलफील्ड्समधून नुरुल हक कौन्सिलवर गेले, ते अपक्ष म्हणून.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने लिबरल पक्ष मजुरांचा गड पोखरत होता. १९८६ मध्ये त्यांना अगदी काठावरचं बहुमत मिळालं. त्यांनी बरोचा कारभार सात ‘नेबरहूड्स’मध्ये वाटून टाकला, प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, पैसा वेगळा. कल्पना म्हणून वाईट नव्हती. पण कौन्सिलची घरं कमी आणि मागणारे फार. ‘इथल्याच लोकांच्या मुलांना आधी घर’ हे धोरण आलं, आणि इथले म्हणजे कोण, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. निवडणुकीच्या पत्रकांची भाषा इतकी घसरली की लिबरल डेमोक्रॅट पक्षाला (लिबरलांचं हे पुढचं नाव) लॉर्ड लेस्टर यांच्या अध्यक्षतेखाली आपल्याच माणसांची चौकशी करावी लागली.

अशा हवेत १६ सप्टेंबर १९९३ ला मिलवॉल वॉर्डात पोटनिवडणूक झाली. ब्रिटिश नॅशनल पार्टीचे डेरेक बीकन यांना १,४८० मतं, मजूर उमेदवाराला १,४७३. सात मतांनी निकाल! लिबरल डेमोक्रॅट तिसरे. म्हणजे दर तीन मतदारांतल्या दोघांनी बीकनविरुद्ध मत दिलं होतं, पण ते दोन ठिकाणी वाटलं गेलं.

मला त्याहून बोलका वाटतो तो पुढच्या मे महिन्यातला निकाल. १९९४ मध्ये बीकन यांची मतं घटली नाहीत, उलट २,०४१ झाली. तरी ते पडले, कारण आधी घरी बसलेले लोक या वेळी बाहेर पडले. बरोभर मजूर पक्षाला ५० पैकी ४३ जागा मिळाल्या, लिबरलांची सत्ता गेली. वर्णद्वेष हरला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी त्या वाढलेल्या साडेपाचशे मतांकडे पाहिलं नसावं.

कोर्टाने अपात्र ठरवलेला मेयर पुन्हा निवडून येतो कसा? इंग्लंडमध्ये हे चालतं? (ईस्ट हॅम, लंडन)

चालतं, कारण कायद्यातच तसं आहे. पण गोष्ट पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तिचे दोन्हीकडून सोयीचे तुकडे केले जातात.

लुत्फुर रहमान २००८ ते २०१० मजूर पक्षाचे कौन्सिल नेते होते. तोवर बहुतेक लंडनप्रमाणे इथेही मेयर शोभेचा, खरी सत्ता कौन्सिलने निवडलेल्या नेत्याकडे. २००६ मध्ये रिस्पेक्ट या नव्या पक्षाने १२ जागा घेऊन मजुरांना घाम फोडला होता. थेट मेयर निवडायचा का, यावर मे २०१० मध्ये सार्वमत झालं: हो म्हणणारे ६०,७५८, नाही म्हणणारे ३९,८५७. आपल्याकडे नगराध्यक्ष थेट जनतेतून आणि महापौर नगरसेवकांतून ही जी जोडी आहे, तिच्यातला हा नगराध्यक्षाचा मार्ग. मजूर पक्षाने आधी रहमान यांना उमेदवारी दिली आणि मग वरून काढून घेतली. ते अपक्ष उभे राहिले आणि ऑक्टोबरात २३,२८३ मतं मिळवून जिंकले. पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला ११,२५४. तिकीट कापलेला माणूस पक्षाला कसा भोवतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मी काय सांगावं!

२०१४ मध्ये त्यांनी मजूर पक्षाच्या जॉन बिग्ज यांना सव्वातीन हजारांच्या फरकाने हरवलं. ४५ च्या कौन्सिलमध्ये त्यांचे फक्त १८ नगरसेवक होते, तरी फारसं अडलं नाही. थेट निवडलेल्या मेयरचं बजेट बदलायला कौन्सिलमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. हा नियम माझ्या मते नीट चर्चा न होता स्वीकारला गेला, आणि पुढच्या भांडणांचं मूळ बरंचसं त्यात आहे.

चार मतदारांनी निवडणूक याचिका दाखल केली. २३ एप्रिल २०१५ ला न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी निवड रद्द केली. टपाली मतांतले गैरप्रकार, बोगस मतदान, प्रतिस्पर्ध्याबद्दल खोटी विधानं, मतांसाठी अनुदानांचा वापर असे निष्कर्ष त्यांनी काढले. शिवाय १०१ इमामांच्या सहीचं एक पत्रक बंगाली साप्ताहिकात छापून आलं होतं, ते ‘धार्मिक दडपण’ ठरलं. हे कलम एकोणिसाव्या शतकातलं, आयर्लंडमधले कॅथलिक पाद्री मतदारांवर दडपण आणत, त्या आठवणीचं. भारताच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दैवी कोपाची भीती घालण्याबद्दल जी तरतूद आहे, ती याच घराण्यातली. रहमान यांनी आरोप कायम नाकारले आहेत.

शिक्षा झाली ती पाच वर्षं निवडणूक न लढवण्याची. फौजदारी खटला त्यांच्यावर झाला नाही. पुरेसा पुरावा नाही असं पोलिसांचं म्हणणं पडलं. इथेच लोक गोंधळतात. निवडणूक याचिका आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या वाटा. पार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक आठवा: डॉ. रमेश प्रभू यांची निवड धर्माच्या नावावरच्या प्रचारासाठी रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती कायम केली, पण तेही याचिकेवरच.

बिग्ज २०१५ आणि २०१८ मध्ये जिंकले. २०२१ मध्ये थेट मेयर ठेवायचा का, असं पुन्हा विचारलं गेलं. एवढं रामायण होऊनही सुमारे ६३ हजार लोक ‘ठेवा’ म्हणाले, १८ हजार ‘नको’. तेव्हाच मला पुढचं दिसू लागलं होतं. रहमान यांची बंदी संपली होती. मे २०२२ मध्ये त्यांना ४०,८०४ मतं, बिग्ज यांना ३३,४८७. त्यांच्या अस्पायर पक्षाला ४५ पैकी २४ जागा, म्हणजे या वेळी कौन्सिलही हाती.

‘बांगलादेशी मतं एकगठ्ठा पडली’ हे उत्तर फार आळशी आहे. २०१५ च्या मतपत्रिकेवर मजुरांविरुद्धच्या राबिना खान याही त्याच समाजाच्या होत्या, आणि त्या हरल्या. मजूर पक्षाने रस्ते बंद करून वाहतूक वळवण्याच्या योजना रेटल्या, त्यावरून बेथनल ग्रीनमध्ये चिडचिड होती; सेवांना कात्री लागली होती. रहमान घरं आणि पैशांच्या मदतीबद्दल बोलत होते. पुढे माध्यमिक शाळांतल्या मुलांनाही मोफत जेवण त्यांनी सुरू केलं. कारभाराबद्दलच्या शंका मात्र मिटल्या नाहीत. २०२४ च्या अखेरीस सरकारने देखरेखीसाठी आपले दूत पाठवत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि लंडनमधले माझे मित्र त्यांतली एकच ऐकून घेतात.

मी माइल एंडला शिकायला आहे. भारतीय पासपोर्ट आहे, तरी मतदारयादीत नाव घाला असं कौन्सिलचं पत्र आलंय. हे फसवणुकीचं तर नाही? (क्वीन मेरी विद्यापीठातली विद्यार्थिनी)

फसवणूक नाही. कायदेशीर वास्तव्य असलेले राष्ट्रकुल देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये मतदान करू शकतात, स्थानिक निवडणुकीत आणि संसदेच्याही. भारत राष्ट्रकुलात आहे. स्टुडंट व्हिसा चालतो. उमेदवार व्हायचं असेल तर मात्र कायम वास्तव्याचा परवाना लागेल, तेव्हा सध्या फक्त मत द्या.

मतदान केंद्रावर २०२३ पासून फोटो ओळखपत्र लागतं. तुमचा भारतीय पासपोर्ट चालेल. टॉवर हॅम्लेट्सच्या प्रकरणानंतर माजी मंत्री एरिक पिकल्स यांनी २०१६ मध्ये जो अहवाल दिला, त्यातून हा नियम पुढे आला. मत देताना घरच्यांनी किंवा मित्राने शेजारी उभं राहून सांगणं हाही आता गुन्हा आहे. मेयरच्या मतपत्रिकेवर २०२२ पर्यंत पहिली आणि दुसरी पसंती असे दोन रकाने असत. ते गेले, आता एकच फुली. कौन्सिलरच्या मतपत्रिकेवर मात्र किती फुल्या मारायच्या ते वरच लिहिलेलं असतं. तीन असतील तर तीनपर्यंत मारा. चार मारल्यात तर मतपत्रिका बाद.